वाचकांचे प्रश्न : जुन्या घरगुती संगणकाला नेटवर्कची जोड

प्रश्न (पुणे) : वडिलांचा ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ माळ्यावरून काढला आणि तो टीव्हीवर व्यवस्थित सुरू झाला. मागे इथरनेट कार्ड लावून तो घरच्या राउटरला जोडता येईल का? कार्ड ‘सर्व स्पेक्ट्रमना चालते’, असे विक्रेता सांगतो. माझ्याकडे केम्पस्टन जॉयस्टिकचा इंटरफेस आणि सिंक्लेअरचा ‘इंटरफेस १’ (मायक्रोड्राइव्हसारखी साठवण-यंत्रे जोडण्याची पेटी) हे दोन्ही आहेत.

उत्तर : अवश्य जोडता येईल. पुण्याच्याच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन बनवलेला हा संगणक आतून सिंक्लेअरचा ४८के (४८ किलोबाइट मेमरीचा) स्पेक्ट्रमच आहे. त्यामुळे ४८केसाठी बनवलेले ‘स्पेक्ट्रानेट’सारखे कार्ड त्याला चालायला हरकत नाही. विक्रेत्याच्या ‘सर्व’ या शब्दावर मात्र विसंबू नये. या कार्डावरची डब्ल्यू५१०० ही चिप टीसीपी-आयपीचे (नेटवर्कवर बोलण्याच्या नियमांचे) सगळे काम स्वतः उरकते आणि ३.५ मेगाहर्ट्झच्या झेड-८० प्रोसेसरला फक्त बाइट इकडून तिकडे न्यावे लागतात, हे खरे. पण कार्डाची स्वतःची मेमरी सिंक्लेअरच्या १६ के रॉमच्याच (कायमस्वरूपी आज्ञा साठवलेल्या मेमरीच्या) पत्त्यांवर अवतरते आणि तेवढा वेळ मूळ रॉमला गप्प बसवावे लागते. ते काम एज कनेक्टरवरची (संगणकामागच्या, कार्ड लावायच्या कडेवरची) ‘रॉमसीएस’ ही एक तार करते. अ‍ॅमस्ट्रॅडने पुढे काढलेल्या प्लस-२ए आणि प्लस-३ या मॉडेलांत ही तार त्या जागी नाही. तेथे रॉमसाठी दोन वेगळ्या तारा आहेत. म्हणजे कार्ड खाचेत नेमके बसले, तरी चालेलच असे नाही.

तुमच्या बाबतीत खरी अडचण इंटरफेस १ची आहे. बेसिक या संगणकभाषेत चूक आढळली की प्रोसेसर ०००८ या पत्त्यावर येतो. इंटरफेस १ नेमका याच क्षणाची वाट पाहत असतो आणि आपली रॉम पुढे सरकवतो. स्पेक्ट्रानेटही आपल्या जादा आज्ञांसाठी हाच पत्ता पाहतो. दोघांनी एकाच वेळी उत्तर दिले, तर डेटा बसवर (माहिती वाहणाऱ्या सामाईक तारांवर) नुसता गोंधळ होतो, म्हणून दोन्ही एकदम लावू नयेत. केम्पस्टनचे दुखणे निराळे आहे. त्याचे पोर्ट (प्रोसेसर त्याला ज्या क्रमांकाने विचारतो तो) ३१ खरे, पण अनेक स्वस्त इंटरफेस पत्त्याची केवळ एकच रेषा तपासतात आणि दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नालाही आपणच उत्तर देतात. तेव्हा आधी एकटे कार्ड लावून पाहावे आणि ते स्थिर चालले की मगच जॉयस्टिकचा इंटरफेस जोडावा.

कार्ड लावण्यापूर्वी वीज बंद केलीच पाहिजे. यात अपवाद नाही. जुन्या बोर्डाच्या कडेवरील पट्ट्या काळवंडलेल्या असतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने पुसाव्यात, खरवडू नयेत. बोर्डाच्या कडेवर पाचव्या जागी असलेल्या खाचेत कार्डाच्या कनेक्टरमधला अडसर बसला आहे, याची खात्री करून घ्यावी. कनेक्टर एका पट्टीने सरकला किंवा चालू यंत्रात कार्ड खुपसले, तर टीआर४ हा ट्रान्झिस्टर आणि त्यामागून खालच्या १६ केच्या मेमरी चिपा जाण्याची भीती असते. याशिवाय कार्डाचा वीजभार आतल्या ७८०५ रेग्युलेटरवरच (५ व्होल्ट पुरवणाऱ्या भागावर) पडतो आणि तो आधीच पुरेसा तापलेला असतो. अर्धा तास चालवून पडद्यावर डाग-रेघा उमटतात का, ते पाहावे.

आजच्या एचटीटीपीएस संकेतस्थळांची अपेक्षा ठेवू नये. तेवढे कूटलेखन या यंत्राच्या आवाक्यातले नाही. परंतु कॅसेटवरून पाच-एक मिनिटांत चढणारा खेळ टीएनएफएस (जुन्या संगणकांसाठीची साधी फाइल-पद्धत) सर्व्हरवरून काही सेकंदांत चढतो आणि माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा हा खर्च वसूल होतो.

प्रश्न (लंडन) : कमोडोरच्या अमिगा १२०० संगणकाच्या बाजूच्या पीसीएमसीआयए (जुन्या लॅपटॉपच्या कार्डांसाठीच्या) खाचेत लॅपटॉपचे जुने नेटवर्क कार्ड चालेल का? संगणकात ८ एमबी जादा मेमरी आहे.

उत्तर : कार्ड १६-बिटचे हवे. पुढच्या काळातील ३२-बिट कार्डबस कार्डांच्या टोकाला उंचवटे असलेली सोनेरी पट्टी असते. अशी कार्डे मुळात या खाचेत शिरतच नाहीत आणि जोर लावून शिरवू नयेत. एनई२००० या जुन्या नेटवर्क कार्डाशी सुसंगत कार्डांना ‘सीनेट’ हा ड्रायव्हर चालतो, थ्रीकॉमच्या ३सी५८९ला मात्र वेगळा ड्रायव्हर लागतो. त्याशिवाय अमिटीसीपी किंवा रोडशो यांपैकी एखादा टीसीपी-आयपी स्टॅक (नेटवर्कचे काम करणारे सॉफ्टवेअर) बसवावा लागेल.

तुमची ८ एमबी मेमरी हाच येथे कळीचा मुद्दा आहे. या अमिगातील ६८ईसी०२० प्रोसेसरला २४ बिटांचेच पत्ते आहेत आणि जादा मेमरीसाठी राखलेल्या ८ एमबीपैकी वरच्या ४ एमबीवर पीसीएमसीआयएचाही हक्क आहे. त्यामुळे साध्या मेमरी कार्डावर जंपर (निवड करणारी छोटी जोडपिन) ४ एमबीवर आणावा लागतो, अन्यथा खाच बंद राहते. ६८०३० प्रोसेसरच्या ज्या अ‍ॅक्सिलरेटरवर (वेग वाढवणाऱ्या कार्डावर) मेमरी १६ एमबीच्या वरच्या पत्त्यांवर असते, तेथे हा तंटा उद्भवत नाही. आणखी एक खोड सांगून ठेवतो : कीबोर्डवरून रीसेट केल्यावर कार्ड कधी कधी ओळखले जात नाही, कार्ड बिघडले असे समजू नका, वीज बंद करून पुन्हा सुरू करा.

प्रश्न (नाशिक) : शाळेत १९८०च्या दशकात आलेल्या बीबीसी मायक्रोमागे पाच पिनांचा ‘इकोनेट’ सॉकेट आहे. त्याला साधी लॅन केबल जोडता येईल का?

उत्तर : नाही. इकोनेट म्हणजे इथरनेट नव्हे, ती बीबीसी मायक्रोसारख्या संगणकांची स्वतःची जुनी नेटवर्क पद्धत आहे. त्यात डेटाची एक जोडी आणि क्लॉकची दुसरी जोडी असते, शिवाय तारेच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर (संकेत परतू न देणारे जोड) आणि मध्ये क्लॉक पुरवणारी पेटी लागते. रास्पबेरी पाय वापरून बनवलेले पूल मिळतात, ते इकोनेट आणि घरची लॅन यांच्यात दुभाष्याचे काम करतात. पण खरेदीआधी झाकण उघडून पाहावे, कारण मॉडेल बीमध्ये सॉकेट असूनही इकोनेटच्या चिपा बसवलेल्याच नसणे शक्य आहे. इकोनेटचे काम सांभाळणारी ६८बी५४ ही चिप बोर्डावर नसेल, तर आधी तिची तजवीज करावी लागेल.