नवरा रोज पितो. बाटल्या ओतल्या, पगार ताब्यात घेतला, तरी फरक नाही. कोल्हापुरात राहते, आता काय करू?

ताई, आधी पाळत ठेवणं थांबवा. खिसे तपासा, गाडीची डिकी बघा, रात्री मित्रांना फोन लावा, यात दमछाक तुमचीच होते. बाटली ओतली की तो दुसरी आणतो, वर भांडायला निमित्त मिळतं.

त्याहून अवघड असतो तो सकाळचा फोन. रात्रीची उतरलेली नसते आणि शिरोली एमआयडीसीतल्या सुपरवायझरला तुम्ही सांगता, "ह्यांना ताप आलाय." तो फोन करू नका. खाडा त्याचा, पगार त्याचाच कापू दे. बारवाल्याची उधारीही भागवू नका. सासूबाई म्हणतील, "पोटात घाल." ऐकून घ्या, पण करू नका.

पोरांची फी मात्र बाजूला काढायचीच. पिऊन गाडीवर बसला तर मागे पोरांना बसवायचं नाही. हात उचलला तर सरळ ११२.

आणि हो, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत कंप, भास, फिट येते, कधी जिवावर बेततं. ते काम डॉक्टरांचं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत.

तो येत नसेल तर तुम्ही एकट्या जा. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन घरच्यांशीही बोलते. शिवाय 'अल-अनॉन' हा आधारगट १९५१ पासून खास पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच आहे. बैठका ऑनलाइनही होतात आणि नवऱ्याची परवानगी लागत नाही.