‘कौल’ न्यायालय देत नाही

प्रश्न असा: अमेरिकेतल्या एका राज्याच्या बातमीवर ‘मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने जनतेचा कौल उलथवला’ असा मथळा, आणि खाली बातमीत ‘न्यायालयाने कौल दिला की...’. हे दोन्ही ‘कौल’ बरोबर आहेत का?

पहिला चालेल, दुसरा नाही, आणि ‘उलथवला’ हे थेट इंग्रजीवरून उचललेले. मराठीत उलथतात ती सरकारे, नाहीतर तव्यावरची धिरडी. न्यायालय देते तो निकाल, निर्णय किंवा निवाडा. निवाडा ‘निवडणे’वरूनच आलेला आहे, म्हणजे निवडणुकीचा सख्खा भाऊ. इतका घरचा शब्द हाताशी असताना न्यायाधीशांच्या तोंडी रोज कौल का घालतात, ते मथळेवालेच जाणोत.

छपरावरचे कौल सोडा. ते नपुंसकलिंगी आणि निराळे. आपला कौल पुल्लिंगी, मूळ अरबी: बोललेले, दिलेला शब्द. कव्वाल आणि कव्वाली त्याच धातूतले. ‘कौल म्हणजे कबूल केलेले’ अशी व्युत्पत्ती छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ती साफ चूक. कबूलमधला ‘ब’ धातूतलाच आहे आणि कौलाच्या धातूत ‘ब’ औषधालाही नाही.

मराठेशाहीच्या दफ्तरात कौल हा कागद असे. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार कौल देई: पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरसाल चढता, ठरलेल्या वर्षी पूर्ण दर. हाच इस्तावा. धामधुमीत गाव सोडून गेलेल्यांना परत आणायला अभयकौल. म्हणजे देणारा सत्ताधारी, घेणारी रयत. मग ‘जनतेचा कौल’ म्हणताना ही दिशा उलटी कशी झाली? कोशकार दोन्ही अर्थ एकाखाली एक छापतात आणि मोकळे होतात. माझे मत असे की निवडणुकीतला कौल दफ्तरातून आलाच नाही, तो देवळातून आला. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला भिजवलेल्या पाकळ्या किंवा कळे चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, प्रश्न विचारतो. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. काहीच पडले नाही तर प्रश्न बदलून पुन्हा विचारायचा. इथे देणारा देव आहे, आणि जनतेला जनार्दन म्हणायची आपल्याला जुनी खोड आहेच.

याला गोव्याइतका चांगला पुरावा नाही. 16 जानेवारी 1967 रोजी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे यावर तिथे मतदान झाले. सरकारी इंग्रजीत तो ओपिनियन पोल, लोकांच्या तोंडी ‘जनमत कौल’. विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधाची दोन पाने. फुलाला 1,38,170 मते, दोन पानांना 1,72,191. ‘सार्वमत’ हाच एक शुद्ध शब्द म्हणून हट्ट धरणाऱ्या परिभाषाकारांनी फूल, पाने आणि कौल एका ओळीत वाचून पाहावेत.

आता मिसिसिपी. देवळातल्या कौलात एक मेख असते: बऱ्याच गावांत मानकऱ्यांशिवाय लावलेला कौल गाव मानत नाही, पाकळी उजवी पडो की डावी. तिथे नेमके हेच झाले. वैद्यकीय गांजाला परवानगी देणारी ‘इनिशिएटिव्ह 65’ ही नागरिकांनी सह्या जमवून मांडलेली राज्याची घटनादुरुस्ती नोव्हेंबर 2020च्या मतपत्रिकेवर होती. आधी विचारले, काही तरी मंजूर करायचे की काहीच नको. सुमारे 68 टक्के ‘करा’ म्हणाले. मग विचारले, नागरिकांचा 65 की विधिमंडळाचा पर्यायी 65 ए. सुमारे 74 टक्के 65 म्हणाले. 14 मे 2021 रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सगळे रद्दबातल ठरवले. कारण मिसिसिपीच्या घटनेचे कलम 273: अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) कोणत्याही एका मतदारसंघातून एकूण लागणाऱ्या सह्यांच्या एक पंचमांशाहून जास्त सह्या धरायच्या नाहीत. हे लिहिले तेव्हा मतदारसंघ पाच होते. 2000च्या जनगणनेनंतर चार उरले. चार गुणिले एक पंचमांश म्हणजे चार पंचमांश. कितीही सह्या जमवा, पाचवा हिस्सा भरणारच नाही. राज्याचे अधिकारी इतकी वर्षे जुने पाच मतदारसंघ धरून सह्या मोजत आले होते. मतदार ओळखपत्राची दुरुस्ती 2011 साली याच मोजणीवर मतपत्रिकेवर आली आणि मंजूर झाली.

म्हणजे न्यायालयाने कौल फिरवला नाही. कौल लावलाच गेला नव्हता, असे ठरवले. लोकांचा विश्वास उडाला तोही इथेच. हरकत मतदानाआधी काही दिवस दाखल झाली होती, निवाडा मतदानानंतर सहा महिन्यांनी आला. मध्यंतरी लोक रांगेत उभे राहून मत देऊन मोकळे झाले होते. कलमातली ‘एक पंचमांश’ची गाठ सोडवायची दुरुस्ती विधिमंडळात 2022, 2023 आणि 2024 साली येऊन अडली. गांजाचा कायदा मात्र विधिमंडळाने स्वतःच फेब्रुवारी 2022 मध्ये केला.

साउथ डकोटा राज्यात 2021 साली गांजाचीच दुरुस्ती न्यायालयात पडली, ती ‘एका प्रस्तावात एकच विषय’ या नियमावर, आणि तो नियम 2018 साली मतदारांनीच मंजूर केलेला. कोलोरॅडोचे प्रकरण वेगळे. 1992 सालची दुरुस्ती समलिंगी नागरिकांना भेदभावापासून संरक्षण देण्यालाच मनाई करत होती. 1996 साली संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती आशयावरून पाडली. तिथे कौल नीट लावला होता, नीट मिळालाही होता, तरी तो अमेरिकेच्या घटनेपुढे टिकला नाही.

तेव्हा मथळ्यात मिसिसिपीसाठी ‘मतदान रद्दबातल’, कोलोरॅडोसाठी ‘दुरुस्ती घटनाबाह्य’ लिहावे. ‘निकाल फिरवला’ हे अपिलात खालच्या न्यायालयाचा निकाल बदलला तरच. आणि नागरिकांनी सह्या जमवून मांडलेल्या प्रस्तावाला ‘मतपत्रिका पुढाकार’ कोणी म्हणू नये. ‘जनप्रस्ताव’ म्हणा, नाहीतर सरळ ‘इनिशिएटिव्ह’ म्हणा. पुढाकार माणूस घेतो, मतपत्रिका नाही.