मुंबईत कॅम्परव्हॅन वर्षभर उघड्यावर उभी असते. बाहेरची चमक टिकवायला सिरॅमिक कोटिंग करावं का?

चमकेचं नंतर बघू. आधी शिडी लावा आणि छप्पर बघा. शिडीवरूनच बघा, फायबरच्या छपरावर पाय देऊ नका. व्हेंटच्या कडेला, सोलर पॅनलच्या क्लॅम्पभोवती, एसीच्या चौकटीला लावलेलं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारी पेस्ट, कुठे फाटलंय का, कुठे सुटलंय का ते बोट दाबून तपासा. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गाडी मरते ती या पाण्याने, धुळीने नाही.

हे इतक्या ठासून सांगतोय, कारण आमच्या घरात यावरून अजून धुसफूस चालू आहे. गाडी माझी आणि थोरल्या भावाची, अर्धी अर्धी. फोर्स ट्रॅव्हलरच्या चासीवर फायबरची बॉडी. दादाला गाडी आरशासारखी लागते. गणपतीला गावी निघायच्या आदल्या दिवशी तो ती हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरला घेऊन गेला. तिथल्या पोऱ्याने प्रेशरची गन खिडकीच्या बीडिंगला, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीला, जवळजवळ टेकवूनच मारली. दादा शेजारी उभा राहून ‘अजून जरा मार’ म्हणत होता, हे त्याने स्वतःच कौतुकाने सांगितलं होतं.

माणगावपासून पाऊस लागला. रात्री झोपायला गेलो तर गादी ओली. दादाने लगेच निकाल दिला, ‘तुझ्या बायकोने खिडकी नीट लावली नसेल.’ झालं! पुढचे दोन दिवस आरतीला सगळे हजर आणि बोलत कोणीच नाही.

आता तुम्हीच सांगा. खिडकी उघडी राहिली असती तर गादी वरून भिजली असती की नाही? चादर कोरडी होती, ओल खालून आली होती. मुंबईत आल्यावर भांडुपच्या फिटरने आतला प्लाय उघडला, तेव्हा पाण्याचा ओघळ खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून मागच्या बाजूने खाली आलेला स्पष्ट दिसत होता. बीडिंग तिथेच उचकटलेलं. प्लाय खालून फुगून पापडी सुटलेला. माझी बायको खिडकी लावायला विसरत नाही, गॅसचा नॉबसुद्धा तीन वेळा बघते.

तर प्रेशर गन लांबून आणि तिरकी चालेल, पण खिडक्या, व्हेंट, स्टिकर आणि सीलंट सोडून. सीलंट बदलताना जुनं पूर्ण खरवडून काढा, वरून थापू नका. पॉलियुरेथेनचं वापरा. बाथरूमला लावतात ते व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आणलंत तर पत्रा गंजतो आणि पुढे त्यावर काहीच धरत नाही. हे काम मे महिन्यात करा, दसऱ्यानंतर पुन्हा बघा.

धुण्याचं म्हणाल तर सकाळी येणाऱ्या गाडी पुसणाऱ्याला हात लावू देऊ नका. एक बादली, एक फडका आणि अख्ख्या सोसायटीच्या गाड्या. मेट्रोच्या कामाची सिमेंटची धूळ कोरडी पुसली की जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थरावर, ओरखडे पडलेच म्हणून समजा. आधी भरपूर पाणी, मग कार शॅम्पू, वरून खाली. भांड्यांचा साबण वॅक्स उतरवतो. डिझेलचा बोळा फिरवून चमक आणणारे ड्रायव्हर पुष्कळ आहेत, त्याने रबर फुगतं आणि धूळ चिकटते. खिडक्या ॲक्रिलिकच्या असतील तर अमोनियावाला काचेचा स्प्रे मारू नका, बारीक भेगांचं जाळं पडतं. समुद्रावर जाऊन आलात तर खालच्या बाजूला गोडं पाणी मारा.

ताडपत्रीही नको. हाही दादाचाच हट्ट. निळी ताडपत्री वाऱ्याने घासते, आत दमट राहतं आणि बुरशी धरते. श्वास घेणारं कव्हर वेगळं, ते चालेल.

हे सगळं फायबरच्या बॉडीचं. तुमची पत्र्याची असेल तर ओरखड्यांपेक्षा गंज आधी: दाराच्या खालच्या कडा, व्हील आर्च (चाकांवरच्या कमानी) आणि पाणी निघायची भोकं तुंबलीत का ते बघा.

सिरॅमिक कोटिंग राहिलंच. करा, पण फायबरवर पांढरट भुकटी हाताला लागत असेल तर आधी रबिंग करून तो थर काढावा लागतो, नाहीतर पैसे भुकटीवरच फासल्यासारखे. शेडमध्ये, कोरड्या दिवसांत करून घ्या. वर्षातून दोनदा साधं वॅक्स हाताने लावायची तयारी असेल तर माझ्या मते कोटिंगचीही गरज नाही. दादाने केलंय, त्याच्या अर्ध्या पैशातून. खिडकीचं बीडिंग मी बदललं.