आपला कांदा कुठे जातो?

“मॅडम, तीन वर्षं फी भरली, आणि आता हा कांदे सोलतोय.” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईने मनातलं सांगून टाकलं. मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. डाव्या तर्जनीला चिकटपट्टी, नखांच्या कडा काळवंडलेल्या. (दोघांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यांची काळजी बहुतेक वेळा हीच असते. पदवी हातात आहे, काम मात्र गड्याचं. हे कुटुंब साताऱ्याकडचं. मुलाला लहानपणापासून स्वयंपाकाची हौस, दहाव्या वर्षी आजीने त्याला भाकरी थापायला शिकवली होती. पदवीनंतर पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात तो कॉमी म्हणून लागला. स्वयंपाकघरातली ही सगळ्यात खालची पायरी. सात महिने झाले होते. सकाळी सातला शिफ्ट, तळघरातलं तयारीचं किचन, पोत्याने कांदा, मग बटाटे, आलं, लसूण, कोथिंबीर. खोलीवर आला की नुसता झोपायचा. सुट्टीला घरी आला तरी गॅस पेटवायचा नाही.

“पूर्वी रविवारी मला ओट्याजवळसुद्धा येऊ द्यायचा नाही,” आई म्हणाली. मला काळजी वाटली ती या वाक्याची. कांदे सोलण्याची नाही.

पहिल्या भेटीत मी त्याला धीर धरायला सांगितलं. ऑग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच शेफचं उदाहरण दिलं. मोठ्या हॉटेलांच्या किचनमधली कामाची उतरंड त्यांनी बसवली, हे तो परीक्षेसाठी शिकलाच होता. तेच एस्कोफिए १८५९ साली, वयाच्या १३ व्या वर्षी, नीस शहरात काकांच्या रेस्टॉरंटमध्ये उमेदवारीला लागले होते. त्याने ऐकून घेतलं, “हो मॅडम” म्हणाला आणि गेला. माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं, हे मला तो दाराबाहेर पडतानाच कळलं. धीर धर हे त्याला घरी, मित्रांत, सगळीकडे सांगून झालं होतं.

दुसऱ्या भेटीला तो एकटा आला. मी एवढंच विचारलं, या आठवड्यात सगळ्यात जास्त काय लागलं? म्हणाला, शेफने त्याचा चिरलेल्या कांद्याचा अख्खा ट्रे परत पाठवला. सगळ्यांसमोर.

“का पाठवला असेल?”

तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग बोलायला लागला. कांदा बिरिस्त्यासाठी होता. बिर्याणीवर जो तळलेला कुरकुरीत कांदा घालतात, तो. चकत्या कमीजास्त जाडीच्या झाल्या होत्या. अशा चकत्या एकाच कढईत पडल्या की पातळ असतात त्या करपतात, जाड असतात त्या मऊच राहतात, आणि करपलेल्याचा कडूपणा सगळ्या हंडीला लागतो. शेवटच्या दोन किलोंना सुरीची धार गेली होती. धार गेली की कांदा चिरला जात नाही, चेंगरतो. चेंगरला की पाणी सुटतं, डोळ्यांनाही जास्त झोंबतो, आणि ओला कांदा तेलात पडला की तळला जाण्याऐवजी आधी शिजतच राहतो. मधे थांबून धार लावायला हवी होती, त्याने लावली नाही. हे सगळं तो हातवारे करत सांगत होता. सात महिन्यांत आपण काहीच शिकलो नाही, असं मानणारा मुलगा हा!

मी विचारलं, “ती बिर्याणी कशी लागते?”

“माहीत नाही. माझी शिफ्ट चारला संपते. दम संध्याकाळी वरच्या किचनमध्ये लागतो.”

सात महिने रोज त्या बिर्याणीसाठी कांदा चिरला होता, आणि तिचा एक घास पोटात गेला नव्हता. इथे मला धागा सापडला. कष्टाने माणूस थकतो, पण झोपला की उठतो. आपले कष्ट कुठे जातात हेच दिसेनासं झालं की हौस आटते.

मी त्याला दोन कामं दिली. शेफना विचारून आठवड्यातून एकदा शिफ्टनंतर थांबायचं आणि आपण चिरलेला कांदा ताटापर्यंत जाताना बघायचा. जमलं तर चाखायचा. दुसरं, घरी आल्यावर एक पदार्थ करायचा, फक्त स्वतःला खावासा वाटतो म्हणून. त्याचा फोटो काढायचा नाही.

पालकांनी मात्र यातून एवढंच घेऊ नये की हलकं काम मुकाट्याने करत राहावं. मागे एक मुलगी आली होती. आठ महिने तीच बादली, तोच पीलर. कोणी चूक दाखवत नव्हतं, कशाला लागतं ते सांगत नव्हतं, हक्काची साप्ताहिक सुट्टीही मिळत नव्हती. तिला मी ती जागा सोडायला सांगितलं, आणि ते मला आजही योग्य वाटतं. तिथे तिची पायाभरणी होत नव्हती, फक्त राबवून घेतलं जात होतं. फरक ओळखायचा तर मुलांना पगार किंवा हुद्दा विचारू नका. विचारा, तुझं काम कोणी तपासतं का? चुकलं तर कारण सांगतं का? सहा महिन्यांपूर्वी जमत नव्हतं असं आता काय जमतं? ट्रे परत पाठवणाऱ्या शेफने सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. पण त्याने तो ट्रे उचलून बघितला होता, हे मी त्या मुलाला दोनदा सांगितलं.

शेफनी त्याला थांबू दिलं. पहिल्याच दिवशी हंडीचं झाकण उघडल्यावर त्यांनी न बोलता चमचा त्याच्या हातात दिला. तो प्रसंग मला सांगताना त्याचा आवाज जड झाला होता.

दीड महिन्याने आईचा फोन आला. तो अजून कॉमीच होता, पोतीही तीच. पण त्या रविवारी घरी मसालेभात त्याने केला होता. “वरून घालायला कांदा तळत होता. मला वाटलं करपतोय, म्हणून गॅस बंद करायला गेले, तर माझा हात धरला. म्हणाला, आई, अजून अर्धा मिनिट. सोनेरी झाला की मी काढतो, बाहेर काढल्यावरही तो रंगत राहतो.”

“मग?”

“मग काय, मला ओट्याजवळून घालवून दिलं, मॅडम.” त्या हसत होत्या.