सिलिंडर कॅबिनेटमध्ये तिरका ठेवण्याबद्दल

तुम्ही विचारलंय की माशांच्या टाकीतल्या वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड देणारा सिलिंडर रेग्युलेटर लावल्यावर टाकीखालच्या कॅबिनेटमध्ये उभा मावत नाही, तर तिरका टेकवून ठेवला तर चालेल का. नाही चालणार. बाकीचं वाचलं नाहीत तरी एवढं मात्र ऐका.

तुमची पोस्ट वाचून पोटात खड्डाच पडला, कारण मी हेच केलं होतं. कॅबिनेट बनवून घेताना सुताराला नुसत्या सिलिंडरची उंची दिली. व्हॉल्व्ह, त्यावरची चावी आणि ती फिरवायला हात जाण्यापुरती जागा धरलीच नाही. मग खाली वीट लावून सिलिंडर तिरका बसवला. रिकामा होत आला होता तोवर काही झालं नाही, त्यामुळे जमलं असंच वाटलं. जानेवारीत रिफिल करून आणला, तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो. अकराच्या सुमारास आईचा फोन, ‘अरे, सगळे मासे वर येऊन तोंड उघडतायत.’ घरी पोचलो तेव्हा रेग्युलेटरवर पांढरा बर्फ साचलेला, बबल काउंटरमध्ये बुडबुडे मोजण्याची सोयच नाही, नुसती धार. अठ्ठावीस निऑन टेट्रांपैकी चार वाचले.

कारण साधं आहे. भरलेल्या सिलिंडरमध्ये बराचसा कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. सिलिंडर उभा असला की व्हॉल्व्हपाशी फक्त वायू येतो. तिरका केला की द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो, तिथे उकळतो, सगळं गारठवतो, आणि नीडल व्हॉल्व्हचं, म्हणजे गॅसची धार बारीक करणाऱ्या व्हॉल्व्हचं, सेटिंग कुठल्या कुठे जातं. ड्रॉप चेकरवर (पाण्यात गॅस किती आहे ते रंगाने दाखवणारी काचेची कुपी) विसंबू नका, त्याचा रंग बदलायला तास-दोन तास लागतात. माझा तेव्हा हिरवाच, म्हणजे सगळं ठीक असल्यासारखा, दिसत होता. असं झालंच तर आधी गॅस बंद, मग एअर पंप सुरू आणि निम्मं पाणी बदला.

गॅस भरून देणाऱ्यावर माझा राग अजून आहे. नाव घेत नाही. हायड्रो टेस्टची (सिलिंडर दाब सोसतो का याची पाण्याने केलेली चाचणी) तारीख उलटली असेल तर भरायला नकार देणं बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याने सिलिंडर काट्यावर ठेवलाच नाही, अंदाजाने भरला. घरी वजन केलं तर ठरल्यापेक्षा बराच जास्त निघाला. आमच्या नागपुरात मे महिन्यात हे फार धोक्याचं. 31 अंशांच्या वर आत द्रव असा राहतच नाही, आणि जास्त भरलेल्या सिलिंडरमधला दाब झपाट्याने चढतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं. ते लिहून न्या आणि समोर वजन करून मागा. गेजवर जाऊ नका. 20 अंशांना तो साधारण 57 बार दाखवणार, सिलिंडर भरलेला असो वा निम्मा, द्रव संपेपर्यंत काटा हलत नाही.

मी गॅसच्या धंद्यातला नाही, घरी टाक्या ठेवतो एवढंच, तेव्हा रेग्युलेटरबद्दल जाणकाराला विचारून घ्या. पण माझं मत पक्कं आहे: उभा मावत नसेल तर सिलिंडर कॅबिनेटच्या बाहेर, भिंतीला पट्ट्याने बांधून ठेवा. नळी दोन फूट लांब झाली तर काही बिघडत नाही. जागा करायला मधली फळी कापायचा विचार असेल तर आधी ती टाकीचं वजन पेलते का बघा. दोनशे लिटरची टाकी काच, माती, दगड धरून अडीचशे किलोच्या वर जाते.

आणि नळी सिलिकॉनची घेऊ नका, तिच्यातून गॅस झिरपतो. पॉलियुरेथेनची घ्या. चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) दरवर्षी बदला, नाहीतर सोलेनॉइड (गॅस चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बंद झाल्यावर टाकीतलं पाणी उलटं रेग्युलेटरमध्ये उतरतं. कॅबिनेटच्या मागच्या फळीला अगदी खाली भोकं पाडून घ्या. हा वायू हवेपेक्षा जड, गळती झाली तर तळाशी साचतो, आणि तुम्ही फिल्टर काढायला डोकं आत घालता ते तिथेच.