सही माझी, म्हणजे सगळी जबाबदारी माझीच?

"मॅडम, उद्या काही झालं तर रजिस्टरवर सही माझीच सापडणार." सरकारी पाटबंधारे कामावरचे एक तरुण शाखा अभियंता माझ्याकडे समुपदेशनासाठी आले, तेव्हा पहिल्या भेटीत हे वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एका मातीच्या धरणाचा प्रभार त्यांच्याकडे नुकताच आला होता. मध्यरात्री उठून ते मोबाइलमधला नोंदवहीचा फोटो मोठा करून आकडे तपासत बसायचे. नोंदी ठेवणाऱ्या अनेक कर्मचाऱ्यांना हीच धास्ती असते.

"टेन्शन घेऊ नका" असं मी त्यांना म्हटलं नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, माणसं वाहून गेली. गळतीची तक्रार आधीच केली होती, असं गावकरी सांगत होते. हे ठाऊक असलेल्या अभियंत्याची भीती खोटी कशी म्हणायची?

पण त्या भीतीपोटी ते काय करत होते, हे पाहणं गरजेचं होतं. धरणाच्या पायथ्याशी त्यांना ओलसर पट्टा दिसला होता. लिहिलं तर वरून विचारणा होईल, म्हणून शेरा पडला, 'स्थिती समाधानकारक'. झोप उडाली होती ती या दोन शब्दांनी. ती त्यांनी एकट्याने दिलेली हमी होती.

मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि कोणती नोंद कोणी ठेवायची, ते लिहायला सांगितलं. धरण सुरक्षा कायदा, २०२१ त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. धरणाच्या मालकाने, म्हणजे इथे शासनाच्या खात्याने, सुरक्षा कक्ष ठेवायचा, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करून अहवाल राज्याच्या धरण सुरक्षा संघटनेला पाठवायचा. त्या संघटनेने कायद्याखालच्या प्रत्येक धरणाची नोंदवही ठेवायची. देशपातळीवरची माहिती राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने सांभाळायची. खात्याकडून या कायद्याखाली गुन्हा घडला, तर विभागप्रमुखालाही जाब द्यावा लागतो.

कागद भरल्यावर ते म्हणाले, "पण मी लिहिलंच नाही, तर वरच्यांना कळणार कुठून?" माझ्या मते सगळी मेख इथेच होती. जबाबदारी वाटली जाते ती नोंद पुढे गेल्यावर. कोरी राहिलेली ओळ मात्र एकट्याच्याच नावावर राहते.

मग आम्ही शेरे लिहिण्याचा सराव केला. 'धोका नाही' हा निष्कर्ष झाला, तो एकट्याने काढायचा नाही. ओल कोणत्या साखळी क्रमांकावर (म्हणजे धरणाच्या लांबीवर नेमकी कुठे) आहे, व्ही-नॉचवर (झिरपणारं पाणी मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवर) पातळी किती, त्या दिवशी जलाशयात पाणी किती, झिरपणारं पाणी स्वच्छ की गढूळ, हे निरीक्षण. गढूळ पाणी म्हणजे धरणाच्या पोटातली माती वाहून येत असण्याची शक्यता, हे त्यांनीच मला समजावलं. अशा वेळी आधी फोन, पत्र मागाहून.

पुढच्या पाहणीत त्यांनी ओलीची नोंद तपशिलात केली, उपविभागीय अभियंत्यांना लेखी कळवलं, आवक क्रमांक घेतला. साहेब आधी वैतागले, मग स्वतः जागेवर येऊन पाहून गेले. आता रात्रीचं आकडे तपासणं बरंच कमी झालंय. मुसळधार पावसात छाती अजून धडधडते, त्यावर आमचं काम चालू आहे.

तुमचीही अवस्था अशीच असेल, तर आज जे दिसलं ते तारखेसह लिहा आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र द्या, त्याची प्रत वरच्या कार्यालयालाही पाठवा. एवढं करूनही झोप येत नसेल, तर समुपदेशकाकडे जायला उशीर करू नका.