रुग्णालयाचे जुने बिल आणि वसुली एजन्सीची मागणी

आपण कळवले आहे की, सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या वडिलांचे कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात निधन झाले, विमा कंपनीने बिलाचा काही भाग नाकारला आणि त्या रकमेसाठी आता एक वसुली एजन्सी व्याजासह १ लाख ८४ हजार रुपये मागत आहे. ‘तूर्त ५ हजार भरा आणि उरलेले हप्त्याने देईन असे लिहून द्या,’ हा त्यांचा आग्रह आपण मानू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उपचारांच्या बिलासाठी दावा लावण्याची मुदत, मुदत अधिनियम १९६३ नुसार, सर्वसाधारणपणे तीन वर्षांची आहे. कोविडकाळामुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला असल्याने आपल्या बाबतीत ती सप्टेंबर २०२२ ऐवजी सप्टेंबर २०२४ च्या सुमारास संपली. मात्र त्याआधी आपण सहीनिशी देणे मान्य केले असेल किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद केली असेल, तर कलम १८ व १९ प्रमाणे मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. म्हणून जुना पत्रव्यवहार आणि बँकेचे पासबुक आधी तपासावे.

मुदत संपली तरी देणे नाहीसे होत नाही. ते न्यायालयामार्फत वसूल करण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. परंतु भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २५(३) नुसार मुदतबाह्य देणे फेडण्याचे सहीनिशी दिलेले लेखी वचन हा नवा, बंधनकारक करार ठरतो, आणि एजन्सीला आपल्याकडून नेमके तेच हवे आहे. व्हॉट्सअॅपवरही तसे वाक्य लिहू नये.

मुलगा म्हणून वडिलांचे देणे आपोआप आपल्या अंगावर येत नाही; वारस या नात्याने जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मात्र रुग्णाला दाखल करताना आपण स्वतःच्या नावाने हमीपत्र दिले असेल, तर ही ढाल उरत नाही. त्या घाईत काय सही केले हे कोणाला आठवत नाही, त्यात आपला दोष नाही. त्या फॉर्मची प्रत मागवा.

एजन्सीला पोचपावतीसह स्पीड पोस्टाने एकच पत्र पाठवावे. ‘कोणतेही देणे मान्य न करता व माझ्या सर्व हक्कांना बाध न येता’ अशी सुरुवात करून रुग्णालयाने दिलेले अधिकारपत्र, तपशीलवार बिल, विम्यातून जमा झालेल्या रकमेचा हिशेब आणि व्याज आकारण्याचा आधार मागावा, आणि मागणी मुदतबाह्य असल्याचे स्पष्ट लिहावे. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारी आपली पत, खराब करण्याच्या धमकीला घाबरू नये, कारण रुग्णालय ही पतसंस्था किंवा बँक नसल्याने थकलेले बिल सिबिलकडे नोंदवू शकत नाही. बिलासाठी वैद्यकीय कर्ज काढले असेल तर गोष्ट वेगळी. नातेवाइकांना फोन करून धमकावणे चालू राहिले, तर कॉलच्या नोंदींसह पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

न्यायालयाचे समन्स आले, तर मात्र गैरहजर राहू नये. मुदतबाह्य दावा फेटाळणे हे मुदत अधिनियमाच्या कलम ३ नुसार न्यायालयाचेच कर्तव्य असले, तरी वकिलामार्फत ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपले उत्तर, दाखल करून तो मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घ्यावा.